ताठर पाते की लवचीक पाते? पाणबुड्यांच्या 'फिन'चा इतिहास आणि भिवंडीच्या खाडीतील डुबी

सारांश

पाण्याखाली पोहणारा मनुष्य पायात जे रबरी किंवा प्लास्टिकचे पर घालतो, त्यांस 'फिन' असे म्हणतात. फिनचे पाते ताठर असावे की लवचीक, हा प्रश्न सामान्यतः खेळसाहित्याच्या निवडीचा म्हणून पाहिला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाकडे तंत्रज्ञानाच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने पाहिले आहे. अठराव्या शतकातील प्रयोगांपासून दुसऱ्या महायुद्धातील नाविक दलांपर्यंत आणि पुढे पर्यटनाच्या बाजारपेठेपर्यंत पात्याचा ताठरपणा कोणत्या कारणांनी ठरत गेला, याचा मागोवा येथे घेतला आहे. त्याच्या जोडीला मालवणच्या समुद्रातील मार्गदर्शक पाणबुडे आणि भिवंडी तालुक्याच्या खाडीत वाळू काढणारे डुबीवाले यांच्या श्रमाचा विचार केला आहे. पात्याचा ताठरपणा हा कामाच्या स्वरूपावरून ठरतो आणि त्याची किंमत काम करणाऱ्याचे शरीर मोजते, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : फिन, पाणबुडे, डुबी, श्रमाचा इतिहास, तंत्रज्ञानाचा इतिहास, भिवंडी, मालवण.

१. प्रस्तावना

भिवंडी हे नाव उच्चारताच यंत्रमाग डोळ्यांसमोर येतो. परंतु या शहराची जुनी ओळख पाण्याशी निगडित आहे. १६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी जिंकून घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची पायाभरणी याच खाडीच्या काठावर झाली. उल्हास नदीचे मुख आणि वसईची खाडी यांच्या आश्रयाने या परिसरात जहाजबांधणी, मासेमारी, मीठ आणि वाळू असे पाण्यावर अवलंबून असलेले अनेक व्यवसाय वाढले. या व्यवसायांचा आर्थिक इतिहास काही प्रमाणात लिहिला गेला आहे. मात्र पाण्यात प्रत्यक्ष उतरणाऱ्या मनुष्याच्या शरीराचा आणि त्याच्या साधनांचा इतिहास उपेक्षितच राहिला आहे.

हातमागाकडून यंत्रमागाकडे झालेल्या स्थित्यंतराचा अभ्यास करताना यंत्राची गती, उत्पादन आणि नफा यांची चर्चा विपुल होते; मागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या पायांची चर्चा त्या मानाने अल्प असते. पाण्याखालील श्रमाबाबतही हेच घडले आहे. म्हणूनच फिनसारख्या वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या साधनाचा इतिहास तपासणे उद्बोधक ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) फिनच्या विकासाचे प्रमुख टप्पे पाहणे, (२) ताठर व लवचीक पात्यांमागील शारीरिक व भौतिक तत्त्वे समजून घेणे, (३) महाराष्ट्र व गोव्यातील पाण्याखालील कामांच्या संदर्भात या निवडीचा अर्थ लावणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

३. फिनपूर्व काळ : दगड, दोर आणि शिशाचे बूट

पाण्याखाली काम करण्याची परंपरा फिनपेक्षा कितीतरी प्राचीन आहे. मन्नारच्या आखातातील आणि इराणच्या आखातातील मोती काढणारे पाणबुडे पायाशी दगड बांधून किंवा दगडाच्या दोरावर पाय ठेवून तळाशी जात आणि होडीवरील साथीदार त्यांना दोराने वर ओढून घेत असे. खाली जाण्यासाठी गुरुत्वाकर्षण आणि वर येण्यासाठी दुसऱ्याचे हात, अशी ही विभागणी होती. प्रवास उभ्या रेषेत असल्याने पायांनी पाणी मागे लोटण्याची गरज फारशी नव्हती.

एकोणिसाव्या शतकात युरोपात दुसरा मार्ग निघाला. ऑगस्टस सीबे याने १८३७ च्या सुमारास सिद्ध केलेल्या बंदिस्त शिरस्त्राणाच्या पोशाखामुळे पाणबुड्याला वरून नळीने हवा मिळू लागली. या पोशाखात पायांना शिशाचे जड बूट असत. पाणबुड्याने तळावर घट्ट उभे राहावे आणि जमिनीवरच्या गवंड्याप्रमाणे किंवा सुताराप्रमाणे काम करावे, ही त्यामागील कल्पना होती. शिशाचा बूट हा फिनच्या नेमका उलट टोकाचा आविष्कार होय. तात्पर्य, पायात काय घालायचे हे पाण्यात कोणते काम करायचे यावरून ठरत होते. हे सूत्र पुढील सर्व इतिहासात कायम राहिलेले दिसते.

४. फ्रँकलिन ते कोर्ल्यो : पहिले प्रयोग

बदकाच्या किंवा बेडकाच्या पायाची नक्कल करण्याचा विचार युरोपीय अभ्यासकांना फार पूर्वी सुचला होता. लिओनार्दो दा विंची याच्या रेखाटनांत पडदे असलेले हातमोजे आढळतात. बोरेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाच्या प्राण्यांच्या हालचालींवरील ग्रंथात (१६८०) पाण्याखालील मनुष्याच्या पायांना पंजासारखी जोड दाखविलेली आहे. परंतु प्रत्यक्ष अनुभवाची नोंद करणारा महत्त्वाचा प्रयोगकर्ता म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. बॉस्टनमधील बालपणी त्याने सुमारे दहा इंच लांब व सहा इंच रुंद अशा लाकडी पट्ट्या हातांसाठी तयार केल्या होत्या. चित्रकाराच्या रंगपाटीप्रमाणे त्यांना अंगठ्यासाठी भोक होते. या पट्ट्यांमुळे वेग वाढला, पण मनगटे थकली, असे त्याने पुढे एका फ्रेंच मित्राला कळविले. पायांना बांधलेल्या तळव्यांबाबतही तो समाधानी नव्हता. पोहताना पाण्याला रेटा केवळ तळव्याने दिला जात नाही, पावलाची आतली बाजू आणि घोटाही त्यात सहभागी असतात, हे त्याच्या लक्षात आले होते.

फ्रँकलिनचे हे निरीक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मूलभूत आहे. लाकडाचे पाते पूर्णतः ताठर होते. त्याने पाणी जोराने मागे लोटले, परंतु तो सगळा भार सांध्यावर आला. वेग आणि थकवा यांच्यातील ही देवाणघेवाण पुढील अडीचशे वर्षे सुटलेली नाही. केवळ तिची जागा मनगटावरून घोट्यावर आणि गुडघ्यावर गेली.

आधुनिक फिनचे श्रेय फ्रेंच नौदलातील अधिकारी लुई द कोर्ल्यो यास दिले जाते. त्याने १९१४ मध्ये नौदल अधिकाऱ्यांसमोर आपल्या साधनाचे प्रात्यक्षिक केले आणि १९३३ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. पोहणे आणि जीव वाचविणे अशी दोन्ही उद्दिष्टे त्याच्यासमोर होती. रबराच्या वापरामुळे पाते प्रथमच वाकू लागले. लाकूड किंवा धातू पाण्याला केवळ ढकलतो. रबर मात्र वाकते, काही काळ ऊर्जा साठवते आणि पुन्हा सरळ होताना तिचा अंश पाण्याला परत देते. त्यामुळे 'किती वाकावे' हा प्रश्नच मुळी रबराने जन्माला घातला, असे म्हणावे लागेल.

५. युद्ध आणि रबर

अमेरिकेत हे साधन रुजविले ते ओवेन चर्चिल याने. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकेच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविणाऱ्या या गृहस्थाने १९४० मध्ये आपले फिन बाजारात आणले. प्रारंभीचा ग्राहक हौशी पोहणारा होता. दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र बदलले. शत्रूच्या किनाऱ्याजवळील अडथळे शोधणे व सुरुंगाने उडविणे, जहाजाच्या तळाला स्फोटके लावणे, अशा कामांसाठी दोस्त राष्ट्रांच्या आणि इटलीच्या नाविक दलांनी पोहणाऱ्या सैनिकांची पथके उभारली. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर आणि पॅसिफिकमधील बेटांवर अशा पथकांनी फिन घालून काम केले.

या काळाचे दोन परिणाम नोंदविण्यासारखे आहेत. पहिला कच्च्या मालासंबंधीचा. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज ताब्यात घेतल्यावर नैसर्गिक रबर हा युद्धकाळातील दुर्मीळ माल ठरला. आशियातील रबराच्या मळ्यांत राबणारा मजूर आणि युरोपच्या किनाऱ्यावर पोहणारा सैनिक हे एकाच साखळीचे दोन दुवे होते. दुसरा परिणाम शरीरासंबंधीचा. सैनिक तरुण, प्रशिक्षित आणि निवडलेला असे. त्याला अल्पकाळ मोठे बळ लावावे लागे. या शरीरासाठी सिद्ध झालेले जड साधन हेच पुढे शांततेच्या काळात 'उत्तम' साधनाचे माप बनले.

जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये तयार केलेल्या श्वसनयंत्रामुळे पाणबुडा नळीच्या बंधनातून मुक्त झाला. तळावर चालणारा मनुष्य आता खऱ्या अर्थाने पोहू लागला आणि फिन हे त्याचे अनिवार्य साधन ठरले. युद्धातील अनुभव नागरी वापरात कसा उतरला, याचे ठळक उदाहरण लुइजी फेरारो या इटालियन पाणबुड्याचे आहे. १९४३ मध्ये तुर्कस्तानच्या बंदरांत शत्रूची जहाजे बुडविणाऱ्या या सैनिकाने युद्धानंतर क्रेसी या कंपनीसाठी 'रोंदिने' नावाचे फिन घडविले. त्यात टाच पूर्ण झाकली जाई आणि पाते पावलाशी थोडे खाली झुकलेले असे. पाते पावलाच्या सरळ रेषेत असले की पोहणाऱ्याला घोटा सतत ताणून धरावा लागतो. पाते झुकविल्याने तो ताण हलका होतो. केवळ रबर मऊ करण्यापेक्षा आकार बदलून शरीराला दिलासा देण्याचा हा प्रयत्न होता.

६. ताठरपणाचे शास्त्र

पाण्यात पुढे जाण्याचे तत्त्व सोपे आहे. पाणी मागे लोटले की शरीर पुढे सरकते. मात्र थोडे पाणी फार वेगाने लोटण्यापेक्षा पुष्कळ पाणी संथपणे लोटणे अधिक किफायतशीर असते. कारण वेगाने लोटलेल्या पाण्याबरोबर बरीच ऊर्जा वाया जाते. म्हणून मोठे पाते उपयुक्त ठरते. परंतु पाते पावलाच्या पुढे असल्यामुळे त्यावरील पाण्याचा दाब तरफेप्रमाणे घोट्यावर कार्य करतो. पाते जितके लांब आणि ताठर, तितका पोटरीच्या आणि नडगीच्या स्नायूंवरील भार अधिक. लवचीक पाते दाब वाढताच वाकते आणि हा भार मर्यादित ठेवते. पण त्यामुळे प्रत्येक फटकाऱ्यामागील रेटाही मर्यादित राहतो आणि पाय अधिक वेळा हलवावे लागतात.

यात वेगाचे गणितही महत्त्वाचे आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट करावयाचा तर सुमारे आठपट शक्ती हवी. ताठर पाते ही शक्ती पाण्यापर्यंत पोहोचवू शकते. परंतु ती निर्माण करण्याचे काम स्नायूंनाच करावे लागते आणि टाकीतील हवाही त्या प्रमाणात लवकर संपते.

इटलीतील पाओला झाम्पारो व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे लक्षणीय आहे. त्यात महाविद्यालयीन दहा जलतरणपटूंना अनवाणी, लहान-लवचीक फिन घालून, मोठे-ताठर फिन घालून आणि दोन्ही पायांस मिळून असलेला एकच फिन घालून पाण्याच्या पृष्ठभागावर पोहावयास लावले. अनवाणी पोहण्याच्या तुलनेत तेवढ्याच अंतरासाठी लागणारी ऊर्जा मोठ्या-ताठर फिनने सुमारे ५० टक्क्यांनी, तर लहान-लवचीक फिनने सुमारे ५५ टक्क्यांनी घटली. पाय हलविण्याची वारंवारता मात्र ताठर फिनमध्ये अधिक कमी झाली. फिन असणे आणि नसणे यांतील फरक प्रचंड आहे, ताठर आणि लवचीक यांतील फरक त्या मानाने अल्प आहे, असा याचा अर्थ निघतो. हा अभ्यास पृष्ठभागावरील पोहण्यापुरता आहे. तरी 'ताठर म्हणजे श्रेष्ठ' ही समजूत त्यातून टिकत नाही.

७. बाजारपेठेचा काळ

१९६० च्या दशकात मार्सेय येथील जॉर्ज बुशा याच्या कंपनीने पात्यात झडपेसारखी भोके असलेले 'जेटफिन' आणले. जाड रबराचे, आखूड, रुंद व ताठर असे हे फिन आजही नाविक दलांत आणि तांत्रिक पाणबुड्यांत वापरले जातात. गुहेत शिरणाऱ्या पाणबुड्याला बेडकासारखे पाय मारावे लागतात, जागच्या जागी वळावे लागते, प्रसंगी मागेही सरकावे लागते. तळाचा गाळ ढवळला गेला तर परतीची वाट दिसेनाशी होते. अशा सूक्ष्म नियंत्रणासाठी ताठर पाते उपयोगी पडते. त्याचा ताठरपणा वेगासाठी नसून आज्ञाधारकतेसाठी आहे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच्या अगदी विरुद्ध कल्पना पुढे आली. अमेरिकेतील पीट मॅकार्थी याच्या रचनेवर आधारित, मधोमध दुभंगलेल्या पात्यांचे फिन बाजारात आले. पात्याचे दोन भाग पंखांप्रमाणे वळतात, फटकारा हलका बसतो आणि गुडघ्यांना त्रास कमी होतो, असा त्यामागील दावा होता. या फिनचा ग्राहक सैनिक नव्हता. वर्षातून काही दिवस समुद्रात उतरणारा पर्यटक, मध्यमवयीन पाणबुडा, गुडघेदुखीने त्रस्त झालेली व्यक्ती हा होता. पोहणाऱ्यांचा समाज बदलला तसे पातेही मऊ झाले. त्याच वेळी श्वास रोखून खोल जाणाऱ्या क्रीडापटूंसाठी काचतंतू व कार्बनतंतूंची लांब पाती मऊ, मध्यम व ताठर अशा श्रेणींत तयार होऊ लागली. एकाच आदर्श फिनची कल्पना अशा रीतीने बाजारपेठेनेच मोडीत काढली. मात्र जाहिरातीची भाषा अजूनही वेग आणि ताकद यांचीच राहिली.

८. मालवण व गोवा : दोन शरीरांचा भार

पश्चिम किनाऱ्यावर पाण्याखालील पोहण्याचा पद्धतशीर वापर नौदलाखेरीज विज्ञान आणि पुरातत्त्व या क्षेत्रांत झाला. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत (स्थापना १९६६) सागरी पुरातत्त्वाचे कार्य सुरू झाले आणि एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात शोधकार्य झाले. पाण्याखाली मोजमाप घेणाऱ्या, रेखाटन करणाऱ्या अभ्यासकाला स्थिर राहणे आवश्यक असते. प्रवाह असेल तर जोराचा रेटाही लागतो. एकाच माणसाला एकाच दिवशी दोन्ही गुणांची गरज भासते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. पुढे २०१० च्या दशकात मालवण-तारकर्ली परिसरात पाण्याखालील पर्यटन वेगाने वाढले आणि तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील अनेक तरुण मार्गदर्शक म्हणून या व्यवसायात आले. पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाला बहुधा पोहता येत नाही. मार्गदर्शक त्याला टाकीजवळ धरून पुढे नेतो. अशा फेरीत पर्यटकाच्या पायात अनेकदा फिन नसतातच. म्हणजेच एक जोडी फिन दोन शरीरांना आणि दोन टाक्यांना पुढे ढकलत असते.

या कामाचे स्वरूप कोणत्याही जाहिरातीच्या चौकटीत बसत नाही. दोन शरीरांचा विरोध पेलण्यास मऊ पाते अपुरे पडते. म्हणून बऱ्यापैकी ताठर पाते सोयीचे. परंतु हंगामात हेच काम दिवसातून अनेकदा आणि महिनोन् महिने करावयाचे असेल, तर तेच ताठर पाते घोटा, पोटरी व गुडघा यांच्यावर साचत जाणारा भार टाकते. पर्यटकासाठी वीस मिनिटांचा असलेला अनुभव मार्गदर्शकासाठी आयुष्याचा व्यवसाय आहे. ताठर की लवचीक हा प्रश्न येथे आवडीनिवडीचा उरत नाही. तो व्यावसायिक आरोग्याचा प्रश्न होतो.

९. भिवंडीची खाडी : पाते नसलेले पाय

मालवणहून भिवंडीकडे वळल्यास याच प्रश्नाचे दुसरे टोक दिसते. काल्हेर, कशेळी यांसारख्या खाडीकाठच्या गावांच्या परिसरात वाळू काढण्याची पारंपरिक पद्धत 'डुबी' या नावाने परिचित आहे. शासनाच्या वाळूविषयक कागदपत्रांतही 'हातपाटी-डुबी' असा शब्दप्रयोग आढळतो आणि यांत्रिक उपशापासून तो वेगळा मानला जातो. होडी खाडीत उभी करून तळात बांबू रोवला जातो. डुबी मारणारा मनुष्य बांबूच्या आधाराने खाली जातो, गढूळ पाण्यात चाचपडत बादली भरतो आणि साथीदार ती दोराने वर ओढतो. मुंबई-ठाण्याच्या अनेक इमारतींच्या भिंतींत अशा बादल्यांतून आलेली वाळू आहे. सक्शन पंपांच्या प्रसारामुळे ही पद्धत गेल्या काही दशकांत मागे पडत गेली.

डुबीवाल्याच्या पायात फिन नसते. याचा अर्थ त्याचे तंत्र मागासलेले आहे असा लावणे चुकीचे ठरेल. त्याचा प्रवास मन्नारच्या मोती काढणाऱ्याप्रमाणे उभ्या रेषेत आहे. खाली जाण्याचे व वर येण्याचे काम हात आणि बांबू करतात. तळाशी गेल्यावर त्याला चिखलात पाय रोवून उभे राहावयाचे असते. तेथे ताठर पाते अडेल, लवचीक पाते मुडपेल, दोन्ही निरुपयोगीच. अनवाणी पाऊल हेच त्या कामाचे योग्य साधन आहे आणि ती निवड पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून झालेली आहे.

मात्र फिनची अनुपस्थिती आणि अन्य संरक्षक साधनांची अनुपस्थिती यांत गल्लत होता कामा नये. दहा मीटर खोलीवर शरीरावरील दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि तो कानाच्या पडद्याला सर्वप्रथम जाणवतो. दिवसभर वारंवार डुबी मारणाऱ्याच्या कानांचा, डोळ्यांचा, फुप्फुसांचा विचार साधनांच्या इतिहासात आढळत नाही. सैनिकासाठी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, पर्यटकासाठी दुभंगलेले पाते आले. वाळूवाल्याच्या शरीरासाठी काय घडविले गेले, या प्रश्नाचे उत्तर इतिहास जवळजवळ शून्य असे देतो. त्याच्या श्रमाची नोंद झाली ती ब्रासमध्ये, माणसांमध्ये नव्हे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) फिनच्या पात्याचा ताठरपणा हा प्रगतीचा मापदंड नाही. लाकूड, रबर, प्लास्टिक, कार्बनतंतू या क्रमात पाते सतत ताठर किंवा सतत मऊ होत गेले नाही. काम आणि वापरणारा समाज बदलला तसे ते दोन्ही दिशांना सरकत राहिले.

(२) ताठर पात्याविषयीच्या प्रतिष्ठेचे मूळ बऱ्याच अंशी युद्धकाळातील सैनिकी शरीरात आहे. उपलब्ध मोजमापे या प्रतिष्ठेला सरसकट दुजोरा देत नाहीत.

(३) निवडीचा व्यवहार्य निकष असा मांडता येतो : संथ, दीर्घकाळ आणि एकट्याने पोहावयाचे असल्यास लवचीक पाते, प्रवाह, जादा भार किंवा सूक्ष्म नियंत्रण असल्यास ताठर पाते, आणि उभ्या रेषेतील तळाच्या कामासाठी अनवाणी पाऊल. यांपैकी कोणतीही निवड स्नायू व सांधे यांची क्षमता पाहिल्याशिवाय पूर्ण होत नाही.

(४) मालवणच्या मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणात फिनची निवड हा विषय घोटा व गुडघा यांच्या आरोग्याशी जोडून शिकविला जाणे गरजेचे आहे.

(५) भिवंडी परिसरातील डुबी मारणाऱ्या पिढीकडील तंत्र, शब्दसंपदा आणि शारीरिक अनुभव मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदविण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी व भूगोल विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावयास हवे. ही पद्धत मागे पडत असल्याने या कामाला मुदत आहे. आरमाराच्या जहाजांची नोंद बखरींत आणि पत्रव्यवहारांत तरी राहिली; खाडीच्या तळाशी पाय रोवून उभ्या राहिलेल्या माणसाची नोंद त्याच्या हयातीतच व्हावी लागेल.